सुईणीचे चार चिंचोके

आमच्या जेवणाच्या टेबलावर मेलेलं माणूस परत उठत नाही. हा नियम माझा नाही. तो वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी केला, आणि केला तेव्हा टेबलावर मेलेली मी होते.

म्हणजे खेळात. जयपूरला राजा पार्कातल्या आमच्या फ्लॅटमध्ये गेली दोन वर्षं दर रविवारी दुपारी हा खेळ चालतो. पट असतो, फासे असतात, पण सोंगट्या घरी नेऊन पोचवायच्या नसतात. प्रत्येकानं मनानं एक माणूस घडवायचं, त्याची ताकद, खोडी, सामान सगळं एका कागदावर लिहायचं आणि मग तो माणूस होऊन वागायचं. समोर सूत्रधार बसतो. तो गोष्ट सांगतो, वाटेत दरोडेखोर आणतो, पूर आणतो, राक्षस आणतो, आणि विचारतो, आता काय करता? आपण सांगायचं. ते जमलं की नाही हे वीस बाजूंचा फासा ठरवतो.

आमची सूत्रधार माझी मुलगी. बारावीत आहे. मी या खेळात शिरले ती हेरगिरी करायला. दार लावून पोरी तीन-तीन तास आत करतात तरी काय, म्हणून चहाचं निमित्त काढून गेले, तर ही आणि हिची सांगानेरची मैत्रीण एका पुलावरच्या भुताशी घासाघीस करत होत्या. मी म्हटलं, "असं नाही बोलायचं त्याच्याशी," आणि खुर्ची ओढली. तेव्हापासून बसलेलीच आहे. मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते, मूळची मिरजेची, आणि गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही. हे शेवटचं लक्षात ठेवा, कारण पुढे मी गप्प बसणार आहे.

वहिनी माझ्यापाठोपाठ आल्या. वहिनी म्हणजे वर राहणाऱ्या हाडांच्या डॉक्टरांची बायको. दोघं नागपूरची, तीस-पस्तीस वर्षं जयपुरात काढलेली, मुलगा पुण्याला. त्या आल्या त्याच महिन्यात माझी पहिली तलवारबाज बाई एका किल्ल्याच्या तटावरून पडून मेली. मी लेकीला म्हटलं, "आईला मारतेस?" आणि असा काही चेहरा केला की ती विरघळलीच होती. वहिनी म्हणाल्या, "मेली तर मेली नं. ती परत उठणार असेल तर मग आम्ही भ्यायचं कशाला?" त्यांनी माझा कागद उचलला, घडी घातली आणि बिस्किटांच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात टाकला. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी वर थालीपीठ पाठवलं, कारण त्यांचं म्हणणं खरं होतं.

त्यांनी स्वतः घडवलेली बाई होती एक सुईण. सत्तरीची, एका पायानं लंगडी, हत्यार म्हणून जवळ नाळ कापायचा विळा. अशी कुणी बाई करतं का या खेळात? सगळे धिप्पाड होतात, मंत्र शिकतात, मी तर दोन-दोन तलवारी घेते. पण त्या सुईणीला एक देणगी होती. लढाईत कोणी पडलं, अगदी शेवटचे श्वास मोजत असलं, की ती त्याच्या कपाळावर हात ठेवायची आणि ते माणूस उठून बसायचं. खेळातल्या एका दिवसात चार वेळा, जास्त नाही. हिशोबासाठी चार चिंचोके असायचे. माझ्याकडे चिंच मिरजेहून येते, त्यामुळे चिंचोक्यांना तोटा नाही. दोन वाट्या ठेवायच्या. उजव्या वाटीत शिल्लक, डाव्या वाटीत वापरलेले. पटावर सुईण म्हणून वहिनींचं शिवणकामाचं अंगुस्तान उभं असायचं. त्या सुईणीनं आम्हाला दोन वर्षं जिवंत ठेवलं.

मग वहिनींची सून बाळंतपणाला आली आणि त्या पाच-सहा महिन्यांसाठी पुण्याला निघाल्या. सुईणीचा कागद कोणाकडे द्यायचा हा प्रश्न मला पडलाच नव्हता. माझ्याकडेच येणार होता. जाण्याच्या आदल्या दिवशी कळलं की त्यांनी तो नवऱ्याला दिला. डॉक्टरांना! जे टेबलाशी फक्त कचोरी आली की यायचे आणि "कुठवर आलं तुमचं युद्ध?" म्हणून हसायचे. मला ते लागलं. मी वहिनींना तसं म्हटलंही. त्या म्हणाल्या, "असू दे त्यांच्याजवळ," आणि बॅग भरत राहिल्या. नवऱ्याला मात्र एकच सांगितलं, की मी येईन तेव्हा ती मला जिवंत पाहिजे.

डॉक्टर खेळले, आणि कसे खेळले. पहिले काही रविवार तर कागद वाचायलाच गेले. सुईणीला ते कायम खांबाआड, दाराआड, कुणाच्या तरी पाठीमागे ठेवायचे. आम्ही चिडवायचो. ते म्हणायचे, "परत द्यायची आहे बाप्पा." चिंचोका या वाटीतून त्या वाटीत टाकला की कागदाच्या कडेला पेन्सिलीनं एक रेघही ओढायचे. मी विचारलं, चिंचोके आहेत तर रेघा कशाला? तर म्हणाले, ऑपरेशनमध्ये जखम शिवायच्या आधी आत घातलेली प्रत्येक पट्टी बाहेर आली का ते मोजतात. सिस्टर मोठ्यानं मोजते, फळ्यावर लिहिलेलं असतं, आणि दोन्ही आकडे जुळल्याशिवाय टाका घालायचा नाही. "एका मोजणीवर विश्वास ठेवायचा नसतो," म्हणाले. मला वाटलं, निवृत्त माणसाचं खूळ.

दर रविवारी संध्याकाळी सहाला वहिनींचा फोन यायचा. खेळ तोवर संपत आलेला असायचा. डॉक्टर स्पीकर लावायचे. वहिनी ना नमस्कार, ना जेवलात का, एवढंच विचारायच्या, "आहे का?" डॉक्टर म्हणायचे, "आहे." मग बाकीच्या गप्पा.

आणि मे महिन्यातल्या एका रविवारी माझ्या लेकीनं तो राक्षस काढला.

बाहेर भट्टी पेटलेली, आत कूलरची घरघर. टेबलावर मैत्रिणीनं आणलेला पट. तिच्या घरी कापडावर ठशांचं काम चालतं. तिनं स्वतः चौकोनाचा ठसा घेऊन एका चादरीवर निळ्या रंगात घरं छापली होती, दोन ओळी थोड्या तिरक्या. पटावर एक खोल बावडी, म्हणजे विहीर, चहूबाजूंनी उतरत्या पायऱ्यांची, आणि तळाशी लेकीनं आणून ठेवला माझा पितळी खलबत्ता. धप्पकन. आमच्या सुपाऱ्या, बटणं, अंगुस्तान त्याच्यापुढे मुंग्यांएवढी दिसायला लागली.

तो खवल्यांचा होता, आंधळा होता, आणि शिकत होता. त्याची खुबी अशी, की एखाद्या हत्यारानं त्याला एकदा जखम झाली की ते हत्यार पुन्हा लागत नसे. तलवार एकदाच. बाण एकदाच. मी कुऱ्हाड काढली, तीही एकदाच. माझ्या बाईच्या अंगात अडतीस प्राण, त्याच्या अंगात तीनशे. त्याच्या एका फटक्यात माझे वीस जायचे. मैत्रीण तिरंदाज होती, तिनं दुसरा बाण फुकट गेल्यावर हात वर केले. "ये तो ज़्यादती है यार."

लेक शांतपणे म्हणाली, "ओव्हरपॉवर्ड आहे, हो. मुद्दाम केला आहे. मतलब सगळं काही हरवण्यासाठी नसतं. पायऱ्या आहेत ना वर जायला."

मला राग यायला हवा होता. पण खरं सांगते, मला त्या राक्षसाचं कौतुक वाटलं. आणि तो जिच्या डोक्यातून निघाला तिचं त्याहून जास्त. माझी मुलगी मराठी अडखळत बोलते, देवनागरी हिंदीच्या तासाला शिकली, पाहुण्यांसमोर तोंड उघडत नाही. तिनं आमच्या आळसावर नेमकं बोट ठेवलं होतं. दोन वर्षं मी नुसत्या तलवारींवर निभावलं होतं. आता मला दर वेळी काहीतरी नवीन सुचायला हवं होतं. मी बादली फेकली. मी देवळाची घंटा काढून फेकली. आम्ही तिघांनी मिळून वरच्या कमानीचा खांब त्याच्यावर ढकलला आणि राक्षसाचे निम्मे प्राण गेले. मी घामाघूम झाले होते, खुर्चीवर बसल्या बसल्या.

चहापर्यंत सुईणीचे तीन चिंचोके गेले. तिरंदाज दोनदा पडली, मी एकदा. उजव्या वाटीत एक उरला.

मग कचोऱ्या आल्या. डॉक्टर हात धुवायला गेले, पोरी गॅलरीत गेल्या. पुदिन्याची चटणी पटाच्या कडेला सांडली होती. मला डाग बघवत नाहीत. मी फडकं घेऊन आले, वाट्या उचलल्या, कापड पुसलं, वाट्या परत ठेवल्या. त्यात एक चिंचोका निसटून खाली गेला. मी तो खुर्चीखालून काढला, फुंकर मारली आणि हाताशी आली त्या वाटीत टाकला. डोक्यात काहीही नव्हतं. चटणी निघाली का तेवढंच बघत होते.

चहानंतर राक्षसानं मला पुन्हा लोळवलं. डॉक्टरांनी खांबाआडून सुईण काढली, माझ्या कपाळावर हात ठेवला, चिंचोका टाकला, रेघ ओढली. मी उठले. पुढच्याच फेरीत परत पडले. आता संपलंच, असं वाटून मी वाट्यांकडे पाहिलं, तर उजव्या वाटीत एक चिंचोका होता.

तिरंदाज दोनदा, मी दोनदा. चार झाले होते. मला फडकं आठवलं, खुर्चीखालचा हात आठवला. कळायला क्षणभरही लागला नाही. आणि मी तोंड उघडलं नाही. आपली बाई वाचावी म्हणून नव्हे, निदान फक्त म्हणून नव्हे. मी पडले तर पुढे सुईण एकटी उरत होती, आणि सहा वाजता फोन येणार होता. मी मनात म्हटलं, चिंचोकाच आहे.

डॉक्टरांनी वाटीत हात घातला, चिंचोका उचलला, मला उठवलं. मी उठले. राक्षसात आता एकोणीस प्राण उरले होते आणि माझ्याकडे न वापरलेलं काहीच नव्हतं, म्हणून मी पाण्यानं भरलेली तांब्याची घागर दोन्ही हातांनी त्याच्या टाळक्यात घातली. फासा टाकला. वीस. वीस म्हणजे दुप्पट मार. मैत्रीण किंचाळली, मी टेबलावर हात आपटला, लेकीनं सुद्धा टाळी वाजवली आणि खलबत्ता आडवा केला.

डॉक्टर कागदावर वाकले होते. त्यांनी उत्साहात रेघ ओढायची राहिली होती ती ओढली. मग पेन्सिलीचं टोक एकेका रेघेवर ठेवत गेले. मग डाव्या वाटीतले चिंचोके तळहातावर घेतले. मग पुन्हा रेघा.

"मोजणी जुळत नाही," ते म्हणाले.

कोणी ऐकलं नाही. त्यांनी पुन्हा म्हटलं, थोडं मोठ्यानं. "चिंचोके चार आहेत, रेघा पाच. मी पाच वेळा वापरला. शेवटचा माझ्याजवळ नव्हताच."

"अंकल जी, छोड़ो ना, मर गया वो," मैत्रीण म्हणाली.

"मी पुसताना इकडचा तिकडे गेला असेल," मी घाईघाईनं म्हटलं. "चूक माझी आहे, तुमची नाही. जाऊ दे ना गं आता." शेवटचं लेकीला. तोच चेहरा केला, जो दोन वर्षांपूर्वी केला होता.

लेक माझ्याकडे बघत राहिली. मी तिला ओळखते. तिला वाईट वाटत होतं, वरच्या आजीसाठी, म्हणजे वहिनींसाठी जास्त. मग म्हणाली, "आई, आजोबांनी सांगितलं, मतलब आता सगळ्यांना माहीत आहे. आता कसं जाऊ देऊ?" तिनं खलबत्ता परत उभा केला. माझी सुपारी आडवी केली. मग एक गोष्ट केली जी तिला कोणी सांगितली नव्हती. सूत्रधार आपले फासे पुठ्ठ्याच्या आडोशामागे टाकतो, म्हणजे गरज पडली तर त्याला हळूच दया करता येते. तिनं तो पुठ्ठा उचलला आणि खाली जमिनीवर ठेवला.

"सुईणीची पाळी," ती म्हणाली. "आजोबा, ती पळू शकते. पायऱ्या मोकळ्या आहेत. मी रोकणार नाही."

बावडीच्या तळाशी आता मी पडलेली, माझ्याशेजारी अंगुस्तान, आणि समोर खलबत्ता. तिरंदाज वर पायऱ्यांवर, हात पोचेल न पोचेल अशी. सुईण पळाली असती तर वाचली असती. वहिनींना जशी हवी तशी, जिवंत. नियमात बसत होतं. खोटेपणा त्यात कुठेच नव्हता. मी मनातल्या मनात म्हणत होते, पळा. माझी बाई गेली खड्ड्यात, डॉक्टर, पळा.

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "ती पळाली नसती," ते म्हणाले. "मी चाळीस वर्षं बघून राहिलो तिला." मग लेकीला विचारलं, "पडलेल्या माणसाला बगलेत हात घालून, मान सांभाळून ओढायचं झालं तर किती घरं?"

"लंगडी आहे, तर दोन."

"दोनात हिचा हात पोचते का?" त्यांनी तिरंदाजाकडे बोट दाखवलं.

लेकीनं घरं मोजली. "पोचेल."

"तर ओढली," डॉक्टर म्हणाले, आणि माझी सुपारी दोन घरं वर सरकवली. स्वतःचं अंगुस्तान तिच्या आणि राक्षसाच्या मधे ठेवलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच सुईण कुणाच्या पाठीमागे नव्हती.

राक्षसाला आठ किंवा वर हवे होते. लेकीनं फासा सगळ्यांच्या समोर, पटाच्या मधोमध टाकला. सतरा आले. सुईणीत अकरा प्राण होते. लेकीचा आवाज बारीक झाला होता, पण तिनं वाक्य पूर्ण केलं. मैत्रिणीनं माझ्या बाईला वर ओढून घेतलं, आम्ही दोघी पायऱ्या चढून उन्हात आलो, आणि राक्षस एकोणीस प्राण घेऊन बावडीत राहिला. तो अजून तिथेच आहे. अंगुस्तान डॉक्टरांनी स्वतःच्या हातानं आडवं केलं.

मी त्या माणसाकडे बघत बसले. चाळीस वर्षं लोकांची हाडं बसवलेला माणूस, ज्याला हा खेळ पोरखेळ वाटायचा, ज्याला एकच गोष्ट सांभाळायला दिली होती. कोणीही बघत नव्हतं. कोणी विचारलं नव्हतं. आम्ही सगळे टाळ्या वाजवत होतो आणि ते रेघा मोजत होते. मला फार, फार आदर वाटला. त्याच्याखाली लाजही होती, ती मी कचोऱ्यांच्या ताटल्या गोळा करण्यात घालवली.

सहाला फोन आला. डॉक्टरांनी स्पीकर लावला.

"आहे का?"

"नाही," डॉक्टर म्हणाले.

पलीकडे बाळ कुरकुरत होतं. वहिनींनी त्याला थोपटल्याचा आवाज आला. मग त्यांनी विचारलं, "किती उरले होते?"

"एकही नाही."

"मोजले होते नं?"

"दोनदा." मग डॉक्टरांनी सगळं सांगितलं. खलबत्ता, घागर, वीसचा फासा, पाच रेघा, पायऱ्या, दोन घरं. चिंचोक्याबद्दल एवढंच म्हणाले, की टेबल पुसताना एक इकडचा तिकडे गेला. कोणी पुसलं ते त्यांनी सांगितलं नाही.

"म्हणजे ओढताना गेली," वहिनी म्हणाल्या.

"हो."

"बरं केलंत." दोन वर्षं त्यांनी सांभाळली होती ती सुईण. मग त्या म्हणाल्या, "टेबल पुसलं कोणी?"

"मी," मी म्हटलं.

"आणि तुला दिसला होता, तो जास्तीचा."

लेकीनं मान वर केली. डॉक्टर वाटीकडे बघत होते. मला हवं तर नाही म्हणता आलं असतं.

"हो," मी म्हटलं. "दिसला होता."

"माहीत होतं मला," वहिनी म्हणाल्या. रागानं नाही. थालीपीठ मिळालं म्हणून सांगायला खाली आल्या होत्या तेव्हा बोलल्या होत्या तशा. "म्हणून तर तिचा कागद तुझ्याजवळ नव्हता दिला गं. तू तिला कसंही करून जगवलं असतंस."

मी हातानं पटाची कडा पुन्हा पुसली.

"आता डब्यात ठेव तिला," त्या म्हणाल्या. "तूच ठेव."

मी स्टुलावर चढून कपाटावरचा डबा काढला. तळाशी माझी तलवारबाज होती, तटावरून पडलेली. डॉक्टरांनी सुईणीच्या कागदाची घडी घालून माझ्या हातात दिली. वरच्या कडेला, घडीबाहेर, पाचवी रेघ त्यांनी खोडून काढलेली दिसत होती. मी कागद ठेवला आणि झाकण लावलं.